छोट्या रेकॉर्डमधला बाप्या

पुरात भिजून वाळलेल्या रेकॉर्डला एक वेगळाच वास येतो. चिखलाचा म्हणावा तर तो नाही, पुठ्ठा कुजल्याचा म्हणावा तर तोही नाही. बंद कपाटात ओली छत्री विसरल्यावर जो येतो, त्याच्या जवळपासचा. रेकॉर्ड विकत घेण्याआधी मी हा वास घेऊन बघते. मग ती उजेडात तिरकी धरते, बोटाला थुंकी लावून कडेवरून फिरवते आणि शेवटी कव्हरात हात घालून आत आणखी काही आहे का ते चाचपते. दुकानदाराला वाटतं, बाईचं डोकं फिरलंय. वाटू दे. कव्हरावर देवाचा फोटो आणि आत बियाण्याची जाहिरात, असं मला इतक्यांदा विकलं गेलंय की आता देवाचा फोटो दिसला तरी मी आत बघितल्याशिवाय हात जोडत नाही.

मी फक्त छोट्या रेकॉर्ड जमवते. बशीएवढ्या, दोन बाजूंना एकेक गाणं असलेल्या. मोठ्यांना गिऱ्हाईक आहे. मुंबई-पुण्याची माणसं गाड्या घेऊन येतात आणि सिनेमाच्या रेकॉर्ड घासाघीस न करता नेतात. मागे उरतो तो गाळ माझा. कुठल्याशा मंडळाच्या आरत्या, पडलेल्या उमेदवाराचं प्रचारगीत, खताची जाहिरात, शाळेच्या मुलांनी बेसूर गायलेलं समूहगीत. ह्या गाण्यांना तेव्हाही कोणी फार ऐकलं नाही आणि आता तर त्यांचं नावही कोणाला ठाऊक नाही. रत्नागिरीतल्या माझ्या दोन खोल्यांत एक भिंत त्यांनी भरली आहे. नोकरीतून सुटल्यापासून माझा हाच उद्योग. शेजारणीला वाटतं, मी हे सगळं एक दिवस परदेशात विकून बंगला बांधणार आहे. मी नाही म्हटलं की तिचा संशय आणखी पक्का होतो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी चिपळूणला गेले होते. तिथे जुनं लाकूडसामान विकणारा एक माणूस आहे. पुरात बुडालेल्या घरांतलं काहीबाही त्याच्या वखारीत अजून पडलेलं असतं. त्याने एक गोणपाट उलगडलं आणि म्हणाला, ताई, बघा, नाहीतर मी ह्या रेकॉर्डना काटे लावून घड्याळं करून विकणार आहे. वरच्या चारपाच माझ्याकडे होत्या. मग एक आली, तिच्यावर नाटकाच्या जाहिरातीचं कव्हर होतं. मी आत हात घातला. आत निळ्या लेबलची रेकॉर्ड होती आणि लेबलवर खाडीपलीकडच्या आमच्या गावाचं नाव होतं. गौरीची गाणी, अमुक गाव महिला व पुरुष मंडळ, बास. गाणारीचं नाव कुठेच नाही.

मी लहानपणापासून शोधत होते ती हीच. पहिला विचार आला तो मात्र आनंदाचा नव्हता. ह्याला कसं कळलं मला हे हवंय ते, असा आला. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो बिचारा चहा फुंकत होता.

आमच्या घरात रेकॉर्ड वाजवायचं मशीन होतं. बाबा बोटीवर होते. कुठल्याशा परदेशी बंदरावरून त्यांनी ते आणलं होतं, सायीच्या रंगाचं, झाकणाला हँडल असलेलं. सगळ्या वाडीत असं मशीन दुसरं नव्हतं. झाकण उघडलं की आतून नव्या चपलांसारखा वास यायचा आणि खालच्या अंगाला एक छोटा लाल दिवा लागायचा. त्याबरोबर बाबांनी सातआठ मोठ्या रेकॉर्ड आणल्या होत्या. दोन भजनांच्या, एक नाट्यगीतांची, बाकीच्या परदेशी, नुसत्या वाद्यांच्या. संध्याकाळी सारवलेल्या पडवीत त्या लागायच्या. समोरच्या खाडीवरून खारा वारा यायचा आणि आईने माजघरात लावलेल्या धुपाचा वास त्याच्याशी भांडत बसायचा.

मशीनला एक बारीक दांडी होती. ती पुढेमागे सरकवायची असते हे आम्हाला माहीतच नव्हतं, कारण एका पावसाळ्यात ती गंजून जागच्या जागी बसली. मोठ्या रेकॉर्ड नीट वाजत होत्या, मग दांडीची कोणाला पडली होती? बाबा पुन्हा बोटीवर जाताना एवढंच म्हणाले की जोर लावू नका, तुटेल. आमच्याकडे बोटीवर गेलेल्या माणसाच्या वस्तू जशाच्या तशा ठेवायची रीत होती. त्याचा पंचा खुंटीवरच राहायचा, खुर्ची हलायची नाही, अर्धी विडीसुद्धा कोनाड्यात तशीच पडून असायची. आई म्हणायची, वस्तू हलली की माणसाची बोट हलते. त्यामुळे दांडीला कोणी हात लावण्याचा प्रश्नच नव्हता.

आणि आमच्या घरात मंदाआत्या होती, बाबांची धाकटी बहीण. तिचा आवाज असा होता की गौरी आणायला बायका पाणवठ्यावर गेल्या की पलीकडच्या वाडीतल्या बायकाही हातातलं काम टाकून बांधावर येऊन उभ्या राहायच्या. बारीक, टोकदार आणि वर वर चढत जाणारा. तेरड्याची लाल-जांभळी फुलं, ओल्या हळदीच्या पानांत वाफवलेल्या पातोळ्यांचा वास, फुगडीच्या पायांनी थरथरणारी जमीन, आणि त्या सगळ्याच्या वर आत्याचा आवाज. माझ्या मनात भाद्रपद म्हणजे एवढंच आहे. फुगडी घालताना ती गायची सुद्धा, आणि दम लागला तरी सूर सोडायची नाही. मला ती तेव्हा कोणत्याही देवीपेक्षा मोठी वाटायची.

गावातला शांताराम मुंबईला गिरणीत होता. गणपतीला यायचा, ढोलकी चांगली वाजवायचा आणि गावाचं मंडळही तोच चालवायचा. त्याची मुंबईत कुठेतरी ओळख निघाली आणि गौरीच्या गाण्यांची रेकॉर्ड काढायचं ठरलं. आत्याला माझ्या काकूच्या सोबतीने मुंबईला नेलं. परत आल्यावर कितीतरी दिवस ती तेच सांगत होती. भिंतींना जाड पडदे होते, पंखा बंद ठेवला होता, हातातल्या बांगड्या काढून ठेवायला लावल्या, घशाला गरम पाणी दिलं. दुसऱ्या कडव्यात घाबरून तिने नको तिथे श्वास घेतला आणि तिथल्या साहेबाने काचेपलीकडून हात करून सांगितलं की चालेल. हे सांगताना ती तो श्वास पुन्हा घेऊन दाखवायची.

रेकॉर्ड आली ती एसटीच्या ड्रायव्हरच्या हातून, वर्तमानपत्रात गुंडाळून. अर्धी वाडी आमच्या पडवीत जमली. छोटी रेकॉर्ड आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. काकाने लेबलवरचं सगळं मोठ्याने वाचलं. एका कडेला पंचेचाळीसचा आकडा होता, तो त्याने नंबर म्हणून वाचला. मग ती मशीनवर ठेवली आणि सुई टेकवली.

आतून एक बाप्या गायला लागला.

जड, घोगरा आणि रेंगाळणारा. गौरीचंच गाणं, शब्द तेच, पण मढ्यामागे चालल्यासारखं हळू. ढोलकीचा ढोल झाला होता. पडवीत कोणीतरी हसलं. आत्या नवी साडी नेसून खांबाला टेकून उभी होती. ती हसली नाही, रडलीही नाही. गाणं संपेपर्यंत उभी राहिली आणि मग म्हणाली, "फसवलंनी मला. माझा आवाज काढून टाकलानी आणि बाप्या घातलानी."

तिथून आमच्या घरात संशय राहायला आला, तो कधी गेलाच नाही. शांताराम शिमग्याला आला तेव्हा आत्याने त्याला पडवीतच धरलं. तो म्हणाला, तूच गायलीस, मी शेजारी ढोलकी वाजवत होतो. आत्याने रेकॉर्ड लावून दाखवली. शांताराम बघतच राहिला. त्याच्या खोलीवर मशीन कुठलं, त्यानेही रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकली ती आमच्याकडेच. पुढच्या गणपतीला तो स्वतःहून दुसरी प्रत घेऊन आला. ती लावली. तोच बाप्या. मुंबईहून आलेल्या काही बायका आत्याला म्हणाल्या, अगो, किती गोड गायलीस. आत्याला खात्री पटली की त्यांना शांतारामने पढवून पाठवलं आहे.

शेवटी गावदेवीच्या देवळात कौल लावायचा ठरला. देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. शांताराम खरं बोलतो का, असं गाऱ्हाणं गुरवाने घातलं. मी आईचा पदर धरून उभी होते. देवळात तेलाचा आणि ओल्या दगडाचा वास होता आणि कोणी खोकतही नव्हतं. उजवी कळी पडली. सगळ्यांनी हात जोडले. आत्याने जोडले नाहीत. घरी येताना ती म्हणाली की गुरव शांतारामच्या आजोळचा आहे, उजवीकडे पाणी कमी लावलंन. आई घाबरून म्हणाली, देवीवर संशय घेतेस? आत्या म्हणाली, देवीवर नाय, पाण्यावर.

त्यानंतर ती गायली नाही. गौरीला बायकांत बसायची, टाळ्या वाजवायची, तोंड मिटलेलं. पहिल्या प्रतीचं तिने मिठाच्या बरणीवरचं झाकण केलं आणि दुसरी चुलीच्या उष्णतेने द्रोणासारखी वाकली. बाबा बोटीवरून आले तेव्हा ऐकण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ते म्हणाले, कंपन्या सगळ्या चोर. शांतारामने मंडळ सोडलं. तो गावी आला की आमच्या घरावरून जायचा नाही, खालच्या बांधाने लांबचा वळसा घालून जायचा. मी पडवीतून त्याची पांढरी टोपी झाडांमागून जाताना बघायची. चार वर्षांपूर्वी तो गेला. आत्या त्याच्या घरी भेटायला गेली नाही.

आणि मी ह्या सगळ्यात वाढले. आत्याबरोबर बाजाराला गेले की ती माशाचा कल्ला उघडून बघायची, आत बोट घालायची, वास घ्यायची आणि तरी मासेवालीला विचारायची की हा कालचा तर नाही ना. दूधवाल्याच्या दुधात ती काडी बुडवायची. माझ्या लग्नाची बोलणी आली तेव्हा मुलाच्या घरच्यांना तिने असे काही प्रश्न विचारले की ते चहा न घेता गेले. त्याबद्दल मी तिची आभारीच आहे, पण ती गोष्ट वेगळी. सांगायचं एवढंच की मला संशय घ्यायला तिने शिकवलं, आणि रेकॉर्ड गोळा करायलाही एका अर्थी तिनेच. कुठेतरी त्या गाण्याची एखादी खरी प्रत असेल, बाप्या घालण्याआधीची, असं मला वाटत राहिलं.

चिपळूणहून घरी आल्यावर मी ती निळ्या लेबलची रेकॉर्ड साबणाच्या पाण्याने धुतली, मऊ फडक्याने टिपली आणि माझ्या मशीनवर ठेवली. छोट्या रेकॉर्ड पंचेचाळीसच्या गतीवर लावायच्या हे आता हाताला इतकं सवयीचं झालंय की मी विचारही केला नाही. सुई टेकवली. चिखलाची थोडी खरखर आली आणि मग आत्या गायला लागली.

तोच बारीक, टोकदार, वर चढणारा आवाज. दुसऱ्या कडव्यात नको तिथे घेतलेला तो श्वाससुद्धा. मला रडू आलं, आणि रडतानाच वाटलं की नाही, हे काहीतरी वेगळं आहे, ही ती रेकॉर्ड नाही, लेबल कोणीतरी बदललंय. बदलायला कोण बसलंय, एवढंही मला सुचलं नाही. मग माझं लक्ष दांडीकडे गेलं. मी ती मोठ्या रेकॉर्डच्या तेहतिसावर सरकवली आणि पुन्हा सुई ठेवली. पडवीतला बाप्या आला.

कोणी काही बदललं नव्हतं. मोठ्या रेकॉर्डच्या गतीवर आम्ही छोटी लावत होतो. एक दांडी गंजली होती आणि बोटीवर गेलेल्या माणसाची वस्तू म्हणून आम्ही तिला हात लावला नव्हता, बास.

आत्या आता सत्तरीपार आहे, आमच्याच जुन्या घरात राहते. मी मशीन पिशवीत घालून तरीच्या होडीतून खाडी ओलांडली आणि भर दुपारी पोचले. ती कुळीथ निवडत होती. मशीन बघून तिने भुवई चढवली. मी काही न सांगता रेकॉर्ड लावली, पंचेचाळीसवर.

तिची बोटं कुळथात थांबली. पूर्ण गाणं तिने ऐकलं. चेहरा हलला नाही. संपल्यावर म्हणाली, "कोण गो ही?"

मी म्हटलं, तू.

"मला येडी समजतेस? हल्ली त्या मोबाईलात मेलेल्यांनाही गायला लावतात. मी टीव्हीवर बघितलंय."

मी तिला दांडी दाखवली. समजावून सांगितलं, एकदा, दोनदा. मोठी रेकॉर्ड सावकाश फिरते, छोटी भरभर. लेबलवरचा तो आकडा नंबर नव्हता. तिने सुपडं बाजूला ठेवलं, चष्मा लावला आणि रेकॉर्ड उचलून वास घेतला. लेबल नखाने खरवडून बघितलं. मशीन उलटं करून खाली बघितलं. मग स्वतःच्या हाताने दांडी मागे ओढली आणि मला म्हणाली, लाव.

बाप्या गायला लागला. तिच्या कपाळावर आठी आली, जुनीच. ती म्हणाली, हाच तो. इतक्या वर्षांत तिने त्याला ऐकलं नव्हतं, पण ओळखायला क्षणही लागला नाही. मग, बहुधा त्याला पकडायलाच, ती त्याच्याबरोबर पुटपुटायला लागली. शब्द जुळवून बघत होती. पुटपुटता पुटपुटता तिचा गळा उघडला आणि ती गायला लागली. मी तिला इतक्या वर्षांनी गाताना ऐकत होते. म्हाताऱ्या बाईचा आवाज, जड, घोगरा, रेंगाळणारा. तो त्या बाप्याच्या आवाजात असा मिसळला की कोण कुठला ते मला कळेना. दुसऱ्या कडव्यात ती नको तिथे थांबली आणि तोही थांबला. दोघांनी एकदम श्वास घेतला.

आत्या गायची थांबली. तो एकटाच पुढे गात राहिला. ती त्याच्याकडे, म्हणजे फिरणाऱ्या निळ्या लेबलकडे, बघत बसली. पडवीच्या कौलांवर कुठेतरी आंब्याची वाळकी काटकी पडली. गाणं संपलं, सुई आतल्या घेरात खरखरत राहिली, तरी तिने मला ती उचलू दिली नाही.

"देवळात मी शांतारामच्या हातांकडे बघत होते," ती म्हणाली. "ढोलकीचे हात त्याचे. थरथरत होते. मी मनात म्हटलं, खोटा आहे म्हणून थरथरतायत."

मी सुई उचलली. तुझी काय चूक, असं म्हणणार होते, पण ते तिने ऐकून घेतलं नसतं आणि मलाही ते पुरेसं वाटलं नाही. एक माणूस जन्मभर खालच्या बांधाने गेला होता. तिने कुळथाचं सुपडं पुन्हा मांडीवर घेतलं, थोडे खडे काढले, मग विचारलं की शांतारामची बायको अजून आहे ना. मी म्हटलं, आहे, मुलाकडे न जाता इथेच राहते, दिसत कमी असलं तरी कान चांगले आहेत.

"उद्या मला तिच्याकडे ने. हे मशीन पण घे. आधी तिला तो बाप्या ऐकवायचा, मग मी."

मी बरं म्हटलं. सांजवेळी ती अंगणात जाऊन बसली. मी पेज वाढून तिला हाक मारली तरी उठली नाही. खाली जाऊन बघितलं तर ती शांतारामच्या घराच्या दिशेला बघत होती. तिथे दिवा लागला होता.

"बाय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि तिने विश्वास नाय ठेवलान तर?"